फक्कीची रेघ

खेळाच्या बाईनं भित्रं असू नये असा एक समज आहे. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आवाज मैदानाच्या पार त्या टोकाला पोचेल असा, म्हणजे बाई वाघीणच असणार असं लोक धरून चालतात. मी या समजाला कधी धक्का लावला नाही, कारण त्यावर माझी नोकरी बरी चालते. पण खरं सांगायचं तर आमच्या शाळेत माझ्याइतकं घाबरट माणूस दुसरं नसेल. गणिताच्या सरांना पोरं नापास होतील एवढीच भीती असते. मला पोरं मरतील अशी भीती असते.

भालाफेक असली की आदल्या रात्री मला झोप लागत नाही. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू मी स्वतः हातानं चाळते, कारण एकदा त्यात फुटक्या बाटलीचा तुकडा सापडला होता. स्पर्धेची शाळा गोदावरीच्या अंगाला असेल तर फाटकात खुर्ची टाकून बसते आणि नदीकडे निघालेल्या पोराचं बखोट धरून परत आणते. जीपमध्ये पोरं कोंबली की मी ड्रायव्हरच्या शेजारी बसते आणि सगळ्या वाटेनं त्याच्याशी बोलत राहते, म्हणजे त्याला डुलकी लागू नये. पोरं माझ्या मागं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत.

हे सगळं सांगायचं कारण, इतकी वर्षं इतक्या गोष्टींना घाबरून मी एका गोष्टीला कधी घाबरले नव्हते. मैदानावरच्या पांढऱ्या रेघेला.

मी सोनपेठला शाळेत आहे. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धांचं संयोजन बरीच वर्षं माझ्याकडेच येतं. यात मानाचं काही नाही. बैठकीत नाव कोणाचं घालायचं असा विषय निघाला की सगळे सर लोक खिडकीबाहेर बघायला लागतात, आणि मी तेवढ्यात खिडकीबाहेर बघायला विसरते. संयोजक म्हणजे हरलेल्या गावानं ज्याला शिव्या द्यायच्या आणि जिंकलेल्या गावानं ज्याला विसरायचं असा माणूस.

त्या वर्षी स्पर्धा तालुक्यातल्याच एका गावातल्या शाळेत होत्या. सतरा सप्टेंबर होऊन चारदोन दिवसच झाले होते. आमच्या मराठवाड्यात स्वातंत्र्य दोनदा येतं. एकदा पंधरा ऑगस्टला, सगळ्यांबरोबर. एकदा सतरा सप्टेंबरला, आमचं आमचं. त्या दुसऱ्या झेंड्यासाठी शाळेला नुकतीच सफेदी झाली होती. भिंतींकडे बघवत नव्हतं इतकं पांढरं. गावातल्याच एका रंगाऱ्यानं ते काम केलं होतं, आणि त्याचीच मुलगी त्या शाळेच्या कबड्डी संघात होती. नववीत.

ती पोरगी मला आधीपासून माहीत होती. उंच, काटकुळी, डावखुरी, दोन्ही वेण्या डोक्यावर आवळून बांधलेल्या. चढाईला गेली की समोरच्या संघाला आधी उजव्या बाजूला नाचवायची आणि डाव्या हातानं भलताच गडी बाद करून यायची. तिची एक रीत होती. आमच्या सगळ्याच पोरी खेळायच्या आधी मैदानाच्या पाया पडतात, कुस्तीतला पैलवान माती कपाळाला लावतो तसं. पण ही पोरगी प्रत्येक चढाईच्या आधी पडायची. मधल्या रेघेवर तळवा टेकायची आणि तो तळवा आधी डाव्या डोळ्याला, मग उजव्या डोळ्याला लावायची. देवळात समईवरून हात फिरवून डोळ्यांना लावतात ना, अगदी तसं. मग दम धरून आत.

मी तिला एकदा चिडवलंही होतं. म्हटलं, "अगं, एवढ्या वेळा पाया पडलीस तर रेघ पुसून जाईल." तर म्हणाली, "जाऊ द्या की बाई. मामा पुन्यांदा मारतील."

मामा म्हणजे त्या शाळेतले शिपाई. मैदान आखायचं काम त्यांचं. तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला एक पत्र्याचा डबा, त्यात फक्की, आणि डबा हलवत हलवत दोरीवरून चालायचं. फक्की म्हणजे खडूसारखीच एक निरुपद्रवी भुकटी. पोरं ती एकमेकांच्या तोंडाला फासतात, केसात टाकतात, कोणाला काही होत नाही.

सकाळपासून मी नेहमीप्रमाणे भलत्याच ठिकाणी घाबरत होते. मैदानाच्या कडेला गवत वाढलं होतं, म्हणून सापाला. दोन गावांची जुनी खुन्नस होती, म्हणून हाणामारीला. ऊन सप्टेंबरचं, पाऊस उघडलेला, म्हणून चक्कर येण्याला. जेवणात वरण आंबलं नाही ना म्हणून मी स्वतः आधी दोन घास खाल्ले आणि अर्धा तास माझ्या पोटात काही होतंय का याची वाट बघितली. काही झालं नाही. मला जरा हायसं वाटलं.

जेवणानंतर मुलींचा शेवटचा सामना होता. सकाळभर खेळून रेघा पुसल्या होत्या. फक्कीचं पोतं संपलं होतं. मामा म्हणाले, "खोलीत आणखी एक हाय." ते गेले, डबा भरून आले, आणि पाहुण्यांसमोर शाळेची शोभा राहावी म्हणून त्यांनी मधली रेघ चांगली बोटभर जाड मारली. झकास दिसत होती.

नाणेफेक झाली. पहिली चढाई याच पोरीची. ती रेघेशी आली, वाकली, घामेजलेला तळवा रेघेवर दाबला आणि दोन्ही डोळ्यांना लावला. मग "कबड्डी, कबड्डी" करत आत शिरली.

दोन-तीन पावलं गेली असेल. तिचा आवाज थांबला.

पंचांना वाटलं दम सुटला. त्यांनी शिट्टी मारली, तिला बाद दिलं. समोरच्या पोरी टाळ्या पिटायला लागल्या. ती पोरगी तिथंच उभी होती, दोन्ही हात डोळ्यांवर. ती डोळे चोळत होती. आणि जितकं चोळत होती तितके तेच हात, तीच भुकटी आत जात होती. मग ती किंचाळली. पोरी पडतात, हाड मोडतं, तेव्हाची किंचाळी मला ओळखता येते. ही तशी नव्हती.

मी धावले. तिचे हात खेचून बाजूला केले. पापण्यांवर पांढरा ओला थर होता. मी तो ओढणीनं पुसायला लागले आणि माझ्या बोटांना तो साबणासारखा बुळबुळीत लागला. फक्की अशी लागत नाही.

"पाणी आणा!" मी ओरडले. पिण्याच्या पाण्याचे मोठे जार सावलीत ठेवले होते. पोरींनी एक ढकलत आणला. मी खाली मांडी घालून बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, दोन पोरींना तिचे हात धरायला लावले आणि बोटांनी पापणी उघडून तांब्यानं पाणी सोडायला लागले. ती लाथा झाडत होती. कबड्डीची पोरगी, अंगात ताकद लय.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत तिचा बाप आला. सामना बघायलाच आला होता, भिंतीला टेकून उभा होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, सदऱ्यावर सफेदीचे जुने शिंतोडे. त्यानं रेघेवरची चिमूट उचलली, बोटांत चोळली, जिभेला लावली आणि त्याचा चेहराच उतरला.

"बाई, थांबा! ही फक्की न्हाई. माझा चुना हाय, कळीचा. सफेदीतून उरला म्हून खोलीत म्याच ठिवला होता. पाणी नगा घालू!"

माझा हात थांबला.

खोलीत दोन पोती शेजारी शेजारी ठेवलेली होती. पावसाळ्याच्या दमट हवेनं चुन्याचे खडे फुलून त्यांची भुकटी झाली होती. मामांना ती फक्कीच वाटली. कोणालाही वाटली असती. पण ते सगळं नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. लहानपणी आमच्या गल्लीत घराला सफेदी असली की पिंपात कळीचा चुना टाकून वरून पाणी ओतायचे. पिंप खदखदायचं, वाफा निघायच्या. पोरं त्यात जाळीच्या पिशवीतून अंडं सोडायची. थोड्या वेळानं ते शिजून निघायचं.

"तो विरल डोळ्यात," बाप सांगत होता. "शिजल डोळा. ह्या हातानं चुना विरवण्यात जल्म गेला माझा. तेल घाला. तूप घाला. पाणी नगा!"

कोणीतरी खोबरेल तेलाची बाटली घेऊन आलंही. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, ते म्हणतात ते बरोबर आहे. चुन्याला पाणी कसं चालेल?" सगळे माझ्याकडे बघत होते. चुन्यात पाणी पडल्यावर काय होतं ते तिथं जमलेल्या प्रत्येकानं डोळ्यांनी बघितलेलं होतं.

मी काय बघितलं होतं? कधीतरी एका शिबिरात प्रथमोपचाराचा तास झाला होता. डोळ्यात काहीही जाऊ दे, आधी पाणी, भरपूर पाणी, सतत पाणी, असं त्या बाईंनी सांगितलं होतं. मी मागच्या बाकावर चुळबुळ करत जेवणाच्या सुट्टीची वाट बघत होते. 'काहीही' म्हणजे त्यात चुनाही येतो का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

ती पोरगी माझ्या मांडीवर तडफडत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते बघून मला एवढंच सुचलं की पाणी तर आत आहेच. घाम आहे, आसवं आहेत. चुना विरायचा तो विरतोच आहे. आणि पिंपात पाणी थोडं असलं तर खदखदतं, भरपूर ओतलं की गार पडतं, हेही मी लहानपणी बघितलंच होतं की. हे शहाणपण होतं की वेडेपणा, मला आजही सांगता येणार नाही. मी तांब्या पुन्हा जारात बुडवला.

बापानं माझं मनगट धरलं. चुन्यानं खरबरीत झालेला हात. "बाई, पाया पडतो तुमच्या."

"सोडा!" मी ओरडले. मी भीतीनं ओरडते, लोकांना तो राग वाटतो. "सोडा म्हणते ना! बाजूला व्हा!"

त्यानं सोडलं नाही. मग ती पोरगीच बोलली. डोळे मिटलेले, ओठ थरथरत होते. "अप्पा, घालू द्या पाणी. थांबलं की जळायलंय. पाण्यानं जरा बरं वाटायलंय."

त्यानं हात काढला. मी पाणी सोडत राहिले.

मुख्याध्यापकांनी परभणीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. "लगेच घेऊन या" एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली. पाण्याचं विचारायचं होतं ते राहिलं. पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही. आम्ही संघांना आणणाऱ्या जीपमध्ये तिला आडवं केलं. डोकं माझ्या मांडीवर, पाण्याचे दोन जार पायात, समोरच्या बाकावर तिचा बाप.

त्या वाटेबद्दल मला फारसं नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते विसरता येत नाही. खड्ड्यात जीप आदळली की तांब्यातलं अर्धं पाणी तिच्या नाकातोंडात जायचं, ती ठसकायची. मी एका हातानं पापणी उघडून धरत होते, दुसऱ्यानं ओतत होते. गंगाखेडच्या पुढं माझा हात इतका थरथरायला लागला की तांब्या तिच्या दातांवर आपटला. मी बापाकडे बघितलं.

"तुम्ही ओता," मी म्हणाले.

त्यानं हात मागं घेतले.

"माझ्यानं होत नाही आता. मी डोळा उघडते, तुम्ही पाणी सोडा."

त्यानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग तांब्या घेतला. आपल्या पोरीच्या डोळ्यात चुना आहे आणि त्यावर आपल्याच हातानं पाणी ओतायचं आहे. त्यानं पहिला तांब्या ओतला तेव्हा तोंड बाजूला वळवलेलं होतं. पाणी गालावर पडलं. दुसऱ्या तांब्याला त्यानं वळून बघितलं, आणि मग परभणीपर्यंत धार हलली नाही. भिंतीच्या कडेनं ब्रश फिरवणारा हात, सरळच चालतो.

परभणी थोडी उरली असताना पाणी संपलं. रस्त्याच्या कडेला एक चहाचं हॉटेल होतं, मी ओल्या कपड्यांनिशी उतरले आणि तिथल्या पाण्याच्या पिंपाकडेच धावले. हॉटेलवाल्यानं न विचारता दोन कळश्या भरून जीपमध्ये चढवल्या. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं काय झालं म्हणून विचारलं. ड्रायव्हरनं सांगितलं. म्हातारा च्च करून म्हणाला, "आरारा, चुन्यावर पाणी घालायलाव? आंधळी करता काय लेकराला?"

मी जीपमध्ये चढले. बापानं ते ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. मी कळशी पुढं सरकवली. त्यानं तांब्या बुडवला.

दवाखान्यात डॉक्टरबाई दारातच भेटल्या. "काय गेलं? किती वेळ पाणी घातलं?" मी म्हणाले, "चुना. तेव्हापासून आतापर्यंत." त्या बरं म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. पोरीला आत घेऊन गेल्या आणि दार लागलं.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. माझ्या कपड्यांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. आत ती अधूनमधून ओरडायची, आणि ती ओरडली की बरं वाटायचं, कारण ती गप्प झाली की मला आणखी भीती वाटायची. माझ्या मनात नको ते येत होतं. ही पोरगी काठी घेऊन त्या गावातल्या रस्त्यानं चाललेली. दहावीचं पुस्तक दुसरंच कोणी वाचून दाखवतंय. लोक म्हणतायत, त्या खेळाच्या बाईनं पाणी घातलं, बापानं पाया पडून सांगितलं तरी ऐकलं नाही. मला त्या पोरीसाठी भीती वाटत होती, आणि माझ्यासाठीही वाटत होती. दोन्ही वेगळी करता येत नव्हती.

मग बाप बोलला. समोरच्या भिंतीकडे बघत.

"बाई, तुमाला पक्कं ठावं होतं का? पाण्याचं?"

हो म्हणणं सोपं होतं. त्याला तेवढाच धीर मिळाला असता, आणि मलाही. पण त्या माणसानं माझ्या शब्दावर आपल्या लेकीच्या डोळ्यात पाणी ओतलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. त्यांनी पापण्या उलटून आतले बारीक कण काढले होते, सलाइननं पुन्हा धुतलं होतं. "पाणी घातलंत म्हणून डोळे हातात लागले," त्या म्हणाल्या. "तेल घालून झाकून आणलं असतं तर माझ्याकडे करायला काही उरलं नसतं. उजवा ठीक राहील. डाव्याचं आत्ता सांगता येत नाही."

मी त्यांना पुन्हा विचारलं, मुद्दाम मोठ्यानं, बापाला ऐकू जावं म्हणून. "म्हणजे पाणीच बरोबर होतं?"

"पाणीच. आणि जास्त. आणि लगेच."

मी बापाकडे बघितलं. तो 'डाव्याचं' या शब्दावरच थांबला होता, बाकी काही त्याच्यापर्यंत पोचलं होतं असं दिसलं नाही. डावा डोळा. ती हात आधी डाव्याला लावायची.

पुढं चौकशी झाली. मामांच्या तळहातांना फोड आले होते, पण त्यांचं लक्ष संध्याकाळी गेलं. ते पोरीच्या घरी जाऊन उंबऱ्याबाहेर बसून रडले. बापाला लोकांनी सुचवलं, तक्रार कर. तो म्हणाला म्हणे, "कुनावर करू? चुना माझा, ठिवला म्या, आन् पोरगी बी माझीच." हे मला मुख्याध्यापकांनी सांगितलं. माझ्याशी तो स्वतः बोलला नाही.

पट्ट्या सुटल्या. उजवा डोळा स्वच्छ. डाव्याला धुरकट दिसायचं, वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध चालू ठेवा, वाट बघू. मी अधूनमधून चौकशी करत राहिले, पण तिच्या घरी जायचं धाडस झालं नाही. सोनपेठच्या आठवडी बाजारात एकदा तो मला दिसला, खांद्यावर शिडी. मी भाजीच्या दुसऱ्या रांगेत वळले. मला माहीत होतं त्याला काय वाटत असणार. तेल घातलं असतं तर डावाही राहिला असता. डॉक्टरबाईंनी काहीही सांगितलं तरी डोळ्यांनी बघितलेलं पिंप माणूस कसं विसरणार?

पुढच्या वर्षी संयोजन पुन्हा माझ्याकडेच आलं, आणि मैदान पुन्हा त्याच गावाला मिळालं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी तिथं नसताना तिथं रेघ आखली जाईल, या विचारानंच मला जास्त भीती वाटली.

आदल्या दिवशीच मी गेले. फक्कीचं पोतं स्वतः बाजारातून आणलं होतं. मामांसमोर ओंजळभर फक्की ओल्या तळहातावर घेऊन हात मुठीत आवळून बसले. काही झालं नाही. दुसऱ्या मुठीत घेतली. मामाही शेजारी मूठ आवळून बसले. सकाळी रेघा मारल्या. एक बादली पाणी मी मैदानाच्या कडेला भरून ठेवली, वर झाकण. हातात पाण्याची बाटली.

ती दहावीत गेली होती. संघात तिचं नाव बघून मी तिच्या शाळेच्या सरांना विचारलं, डॉक्टरांनी खेळायला सांगितलंय का? म्हणाले, हो. मग मी तिला विचारलं. म्हणाली, "डाव्या बाजूचे गडी जरा धुकट दिसतेत, बाई. आता मी आधी डाव्या बाजूलाच तोंड करते." हसत होती. मला हसू आलं नाही.

सामना सुरू झाला. चढाई तिची होती. ती रेघेपाशी आली, आणि मैदानावर शांतता पसरली. त्या गावात कोणाला माहीत नव्हतं? मामा डबा पोटाशी धरून उभे होते.

मला वाटलं ही आज पाया पडणार नाही. कोण पडेल? मी मनातल्या मनात म्हणत होते, नको, बाळा, नको, रेघेला नुसतं लांबून नमस्कार कर, देव काही रागावत नाही.

ती वाकली. तळवा रेघेवर टेकवला, नेहमीसारखा, पूर्ण. उठून उभी राहिली. हात पांढरा झाला होता. तिनं तो आधी डाव्या डोळ्याला लावला. मग उजव्या.

मी दोन मुठी पारखल्या होत्या, पोतं स्वतः आणलं होतं, तरी माझ्या बाटलीचं झाकण माझ्या हातून कधी उघडलं गेलं ते मला समजलं नाही. पाणी माझ्या बुटावर सांडत होतं. मी तिच्या आवाजाची वाट बघत होते.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

आवाज थांबला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझ्या शेजारी कोणीतरी उभं आहे. तिचा बाप होता. माझ्याकडे बघत नव्हता, डोळे पोरीवर. त्याच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला तांब्या होता.

"घालायचं झालं तर म्या घालतो, बाई," तो म्हणाला. "तुमी फकस्त डोळा उघडा."